कोलोरेक्टल कॅन्सरच्या मार्कर टेस्ट: त्याच त्या चुका आता तरी टाळा

गेल्या आठवड्यात पुन्हा एक ब्लॉक आला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या (कोलोरेक्टल) ट्यूमरचा मेणात बसवलेला तुकडा. सोबतच्या फॉर्मवर ‘एमएसआय, रास, राफ’ एवढंच लिहिलेलं, म्हणजे ट्रीटमेंट ठरवायला ट्यूमरवर करायच्या मार्कर टेस्टची नुसती नावं. ट्यूमर उजवीकडचा की डावीकडचा, स्टेज कुठली, आधी केमो-रेडिएशन झालंय का, काही म्हणजे काही नाही. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, मॅम तुम्ही टेस्ट करून टाका ना, रिपोर्ट आला की बघू. हे ‘करून टाका’ ऐकलं की मला फार त्रास होतो, कारण मी मॉलिक्युलर पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये बसते आणि चुकीच्या रिपोर्टमुळे पुढे काय काय होतं ते जवळून पाहिलंय. मशीन महाग आहे, किट चांगलं आहे, तरीही रिपोर्ट चुकतो, आणि बहुतेक वेळा चूक मशीनच्या खूप आधी झालेली असते. त्यातल्या ज्या चुका वर्षानुवर्षं दिसतायत त्या इथे लिहिते. दोन-तीन गोष्टींवर जरा जास्त बोलेन, कारण तिथेच पेशंटचं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

आतडं न उघडता बरणीत कोंबणं

हे पहिलं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं. मिसमॅच रिपेअर म्हणजे पेशी विभागताना डीएनएची कॉपी करण्यात ज्या चुका होतात त्या दुरुस्त करणारी यंत्रणा (एमएमआर). ती बंद पडली की डीएनएमधल्या छोट्या पुनरावृत्तीच्या जागांची लांबी बदलत जाते, तेच एमएसआय. त्यातली एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2 आणि एमएसएच6 ही चार प्रोटीन आपण आयएचसीने, म्हणजे स्लाइडवर अँटिबॉडीने रंग आणून, बघतो. प्रोटीन असेल तर न्यूक्लियस तपकिरी होतो, नसेल तर निळा राहतो. ऐकायला सोपं वाटतं. पण न्यूक्लियस निळा राहण्याची दोन कारणं असू शकतात, एक तर ट्यूमरमध्ये ते प्रोटीन खरंच नाहीये किंवा टिश्यू नीट फिक्सच झालेला नाही, म्हणजे फॉर्मलिनमध्ये वेळेत टिकवला गेलेला नाही.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा आईचे ब्लॉक घेऊन आला होता, शेतकरी घरातला, रात्रीच्या एसटीने आलेला, मेडिकलच्या दुकानात मिळते तसल्या कागदी पिशवीत तीन ब्लॉक आणि सोबत रिपोर्टची घड्या पडून मऊ झालेली झेरॉक्स. उजव्या कोलनचं ऑपरेशन झालेलं, लिव्हरमध्ये पसरलेलं. बाहेरच्या रिपोर्टवर एमएलएच1 आणि पीएमएस2 लॉस, म्हणजे डिफिशियंट एमएमआर, दुरुस्तीची यंत्रणा बंद. म्हणून आईला इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) सांगितली होती, ती मुख्यतः अशाच ट्यूमरला लागू पडते. खर्च प्रत्येक डोसला लाखांत, आणि घरात जमीन विकायची बोलणी सुरू झालेली. शिवाय कोणीतरी त्याला हेही सांगून ठेवलं होतं की हा आजार घराण्यात चालतो, तुम्हा तिघा भावंडांनाही होऊ शकतो. त्याने मला विचारलं, मॅडम, सेकंड ओपिनियन घेतलं तर चालेल ना, आधीचे डॉक्टर रागावणार नाहीत ना. मी म्हटलं कोणी रागावत नाही, दे ते ब्लॉक.

स्लाइड लावली. ट्यूमरच्या ग्रंथी पूर्ण निळ्या, रिपोर्टमध्ये लिहिलं होतं तशाच. पण शेजारच्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) बघितल्या तर त्याही निळ्या, फायब्रोब्लास्टही (आधार देणाऱ्या पेशी) निळे. ही पेशंटची स्वतःची नॉर्मल पेशी, हिच्यात प्रोटीन असायलाच पाहिजे, हाच तर आपला इंटर्नल कंट्रोल. स्लाइड सरकवत कडेला गेले तर तिथे एक अरुंद पट्टा, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, आणि त्या पट्ट्यात लिम्फोसाइटही तपकिरी आणि ट्यूमरही तपकिरी. म्हणजे फॉर्मलिन जिथवर पोचलं तिथवर सगळं ठीक, आतला भाग कुजलेला. मुलाकडे चौकशी केली तर कळलं की ऑपरेशन शनिवारी झालं आणि डबा सोमवारी गेला. पुढचं मला विचारायचीही गरज पडली नाही, कारण असे डबे मी शेकड्याने उघडलेत. आतडं न उघडता तसंच्या तसं, मळासकट, अरुंद तोंडाच्या बरणीत दाबून भरलेलं असतं, वर फॉर्मलिन जेमतेम बुडेल एवढं, बाहेरून राखाडी झालेलं आणि कापलं की आत लालच्या लाल. फॉर्मलिन सुरुवातीला तासाला साधारण एक मिलिमीटर आत जातं आणि जसजसं खोल जावं तसा वेग अजून कमी होतो. न उघडलेल्या, मळाने भरलेल्या आतड्यात मधल्या ट्यूमरपर्यंत ते पोचेपर्यंत पेशी आपल्याच एन्झाइमने विरघळायला लागलेल्या असतात.

मी कोलोनोस्कोपीच्या बायोप्सीचा ब्लॉक मागवला. बायोप्सीचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो, बाटलीत पडल्या पडल्या फिक्स होतो. त्यावर चारही प्रोटीन शाबूत, लिम्फोसाइटपण तपकिरी. पीसीआरवर, म्हणजे थेट डीएनएच्या टेस्टवर, एमएसआयही स्टेबल, म्हणजे एमएसआय नाहीच. म्हणजे त्या बाईंना ज्या औषधासाठी जमीन निघाली होती त्याचा फायदा व्हायची शक्यता जवळपास नव्हतीच, आणि मुलांच्या डोक्यावर आनुवंशिक आजाराचं जे भूत बसवलं होतं त्यालाही या रिपोर्टचा काहीच आधार नव्हता. त्यांना नेहमीची केमो सुरू झाली. त्या पुढे दीड वर्षाच्या आसपास होत्या. मुलगा नंतर एकदा भेटून गेला.

हे एखाद्याच ठिकाणी होतं असं समजू नका. 2019 साली फ्रान्समधल्या टीमने एक अभ्यास छापला होता, एमएसआय म्हणून इम्युनोथेरपीच्या ट्रायलमध्ये घेतलेले 38 पेशंट, त्यातल्या पाच जणांना औषध सुरुवातीपासूनच लागू पडलं नाही, आणि पुन्हा तपासल्यावर त्या पाचातले तिघे मुळात एमएसआय नव्हतेच. तिकडे असं होतं तर आपल्याकडे नळाच्या पाण्यात अंदाजाने ओतलेल्या फॉर्मलिनवर काय होत असेल याचा विचार करा.

मी काय करते ते सांगते, पटलं तर घ्या. एमएमआरसाठी मी शक्यतो बायोप्सीचाच ब्लॉक मागते. रेक्टमच्या (गुदाशयाच्या) पेशंटला आधी केमो-रेडिएशन झालं असेल तर नक्कीच मागते, कारण त्या ट्रीटमेंटनंतर एमएसएच6 ठिकठिकाणी पुसट होतो आणि लॉस असल्यासारखा दिसतो. स्लाइड लावली की ट्यूमरकडे बघायच्या आधी लिम्फोसाइट बघते, ती निळी असेल तर त्या भागावर एक शब्दही लिहीत नाही. चारही प्रोटीन एकदम गेलेली दिसली तर आधी फिक्सेशनवर संशय घेते. एमएलएच1 गेला तर पीएमएस2 त्याच्याबरोबर जातो, एमएसएच2 गेला तर एमएसएच6 जातो, या जोड्या आहेत, आणि जोडीत न बसणारा विचित्र पॅटर्न दिसला तर पीसीआर केल्याशिवाय मी सही करत नाही. ओटीमधल्या सिस्टरना आणि रेसिडेंटना हात जोडून विनंती: आतडं उभं चिरा, पाण्याने धुवा, थर्माकोलवर पिनांनी पसरवा आणि टिश्यूच्या दहापट तरी बफर्ड फॉर्मलिन घाला. यात दहा मिनिटं जातात. सोमवारी बघू म्हणून ठेवलेला डबा नंतर कितीही भारी मशीनमध्ये घातला तरी सुधारत नाही.

‘के-रास निगेटिव्ह’ एवढ्यावरच थांबणं

2008 साली कळलं की पेशीला वाढीचा सिग्नल देणाऱ्या के-रास या जीनमध्ये म्युटेशन असेल तर सेटुक्सिमॅब किंवा पॅनिट्युमुमॅब ही औषधं चालत नाहीत, कारण त्यांनी पेशीवरचा ईजीएफआर हा रिसेप्टर वर बंद केला तरी खाली रास आपलं आपण चालूच राहतं. तेव्हा फक्त एक्सॉन 2 हा जीनचा तुकडा, म्हणजे त्यातल्या कोडॉन 12 आणि 13 या दोन जागा बघायचे. मग 2013 मध्ये पॅनिट्युमुमॅबच्या प्राइम ट्रायलचं नवं विश्लेषण आलं. एक्सॉन 2 नॉर्मल असलेल्या पेशंटमध्येही 17 टक्क्यांना के-रासच्या एक्सॉन 3, 4 मध्ये किंवा एन-रास या त्याच्या भावंड जीनमध्ये म्युटेशन होतं, आणि ऑक्सॅलिप्लॅटिनच्या केमोबरोबर पॅनिट्युमुमॅब दिल्यावर त्यांचं उलट नुकसान झालं. याला इतकी वर्षं होऊन गेली तरी माझ्याकडे अजून असे जुने रिपोर्ट येतात ज्यावर नुसतं ‘के-रास वाइल्ड टाइप’ (म्हणजे नॉर्मल) लिहिलंय, कुठले कोडॉन तपासले ते नाही, आणि त्यावर औषधाचे डोस देऊनही झालेत. कोडॉन 12, 13, 59, 61, 117, 146, के-रासमध्येही आणि एन-रासमध्येही, एवढं रिपोर्टवर लिहिलेलं नसेल तर तो रिपोर्ट अर्धा आहे असं धरा आणि लॅबला फोन लावा.

आता याच्यातलीच दुसरी गोष्ट, ट्यूमरचं प्रमाण. समजा तुम्ही पाठवलेल्या तुकड्यात शंभर पेशी आहेत, त्यातल्या वीस ट्यूमरच्या, बाकीच्या नॉर्मल म्युकोसा, स्नायू, लिम्फोसाइट. प्रत्येक पेशीत जीनच्या दोन प्रती, म्हणजे एकूण दोनशे, आणि म्युटेशन ट्यूमर पेशीतल्या दोनपैकी एकाच प्रतीत असतं, म्हणजे वीस. दोनशेत वीस, दहा टक्के. सँगर सिक्वेन्सिंग या डीएनए वाचायच्या जुन्या पद्धतीला साधारण पंधरा ते वीस टक्के तरी लागतात. म्हणजे म्युटेशन समोर आहे आणि रिपोर्ट येणार निगेटिव्ह. आपल्याकडे तर म्युसिनस (चिकट म्युसिन साठलेले) आणि सिग्नेट रिंगचे (अंगठीसारख्या पेशींचे) ट्यूमर बरेच दिसतात, तरुण पेशंटमध्ये विशेष करून. त्यात स्लाइड लांबून बघितली तर सगळी ट्यूमरच वाटते, जवळ जाऊन बघावं तर म्युसिनची तळी आणि त्यात इकडेतिकडे तरंगणाऱ्या चार पेशी. अशा ब्लॉकमधून डोळे मिटून कर्ल्स (ब्लॉकच्या पातळ गुंडाळ्या) कापून डीएनए काढला की पुढचं सगळंच चुकतं.

आमचे सिनियर टेक्निशियन, आम्ही त्यांना काका म्हणतो, ते एच अँड ई (नेहमीचा रंग दिलेल्या) स्लाइडवर पेनने ट्यूमरभोवती गोल केल्याशिवाय ब्लॉकला हातच लावत नाहीत. मी गोल करते, टक्के लिहिते, मग ते बिनरंगाच्या स्लाइडवर तेवढाच भाग ब्लेडने खरवडून ट्यूबमध्ये घेतात. नवीन आलेल्या मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना थेट सिक्वेन्सरवर बसायचं असतं. मी पहिले तीन महिने त्यांना फक्त गोल करायला लावते.

‘हा मार्कर चांगला की वाईट?’

हा प्रश्न मला दर बॅचचा रेसिडेंट विचारतो आणि या प्रश्नातच घोळ आहे. एक मार्कर सांगतो की काहीही ट्रीटमेंट दिली तरी आजाराची चाल साधारण कशी राहील, तो प्रोग्नॉस्टिक. दुसरा सांगतो की अमुक औषध या पेशंटला लागू पडेल का, तो प्रेडिक्टिव्ह. कधी कधी एकच मार्कर दोन्ही असतो आणि स्टेजप्रमाणे त्याचा अर्थ बदलतो, तिथे तर भलेभले गोंधळतात.

एमएसआयचंच घ्या. सगळ्या स्टेज धरल्या तर साधारण 15 टक्के ट्यूमर एमएसआय असतात, स्टेज चारमध्ये मात्र ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे हे ट्यूमर सहसा पसरत नाहीत. स्टेज दोनमध्ये ही चांगली बातमी, आणि नुसत्या 5-एफयू या केमोच्या औषधाचा त्यांना फायदा होत नाही हे 2003 पासून दिसत आलंय, त्यामुळे ती केमो बहुतेक वेळा टाळता येते. स्टेज तीनला हाच नियम लावून केमो बंद करणारे मी पाहिलेत आणि ही घातक चूक आहे. तिथे ऑक्सॅलिप्लॅटिनवाली केमो एमएसआय आहे म्हणून सोडायची नसते. स्टेज चारमध्ये चित्र पुन्हा फिरतं, केमोवर हे पेशंट विशेष चांगले चालत नाहीत, पण इम्युनोथेरपीला चांगले. किनोट-177 या ट्रायलमध्ये असे 307 पेशंट होते, पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधावर आजार न वाढता गेलेला मीडियन काळ 16.5 महिने, केमोवर 8.2. पण त्याच ट्रायलमध्ये पेम्ब्रोवर सुरुवातीलाच आजार वाढलेले जवळपास 29 टक्के होते आणि केमोवर 12 टक्के, हे नातेवाइकांना सांगायचं राहून जातं. ‘एमएसआय निघालं, सुटलात’ असं कृपया कोणाला सांगू नका.

बी-राफ जीनमधल्या व्ही600ई या म्युटेशनचं उलटं. मेटास्टॅटिक (पसरलेल्या) आजारात हे म्युटेशन म्हणजे चाल खराब, हे बरोबर. त्यावरून एखाद्याला वाटतं की मेलानोमात (त्वचेच्या एका कॅन्सरात) बी-राफची गोळी देतात तशी इथेही देऊ. कोलनमध्ये ती गोळी एकटी जवळपास निकामी ठरते, कारण राफ बंद केला की ईजीएफआर मागच्या दाराने जोरात चालू होतो, 2012 मध्ये हे दाखवलं गेलं. म्हणून एन्कोराफेनिब ही बी-राफची गोळी सेटुक्सिमॅबबरोबरच देतात, 2019 च्या बीकन ट्रायलपासून. आणि रिपोर्टवर ‘बी-राफ पॉझिटिव्ह’ दिसलं म्हणून लगेच वाईट बातमी देऊ नका, आधी कोडॉन वाचा. व्ही600 सोडून इतर ठिकाणची म्युटेशन असलेल्यांची चाल व्ही600ईसारखी नसते, पुष्कळ बरी असते.

थिसिसमधला कट-ऑफ

दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत माझ्याकडे थिसिसवाले येतात. एकदा एक मुलगी आली, हुशार, मेहनती, बासष्ट पेशंट गोळा केलेले, पी53 या प्रोटीनची आयएचसी केलेली, आणि चेहऱ्यावर आनंद, मॅम, पी व्हॅल्यू 0.03 आली. ती 0.05 च्या खाली आली की सहसा संबंध सापडला असं धरतात. कट-ऑफ किती घेतला, म्हणजे किती टक्के पेशी रंगल्या की पॉझिटिव्ह? 37 टक्के. मी विचारलं 37 कुठून आला. तर सॉफ्टवेअरला सांगितलं होतं की बेस्ट कट-ऑफ शोध, त्याने शोधला. मग मी तिच्याच लॅपटॉपवर 35 घालून बघायला सांगितलं, पी गेली 0.11 वर. 40 घातलं, 0.19. तिचे डोळे भरून आले, कारण गाइडना तो आकडा आधीच कळवून झाला होता.

तिची चूक नव्हती, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सगळे कट-ऑफ तपासून त्यातला सगळ्यात छान दिसणारा उचलला की योगायोगाने काहीतरी सापडण्याची शक्यता पाच टक्के राहत नाही, ती 40 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, हे 1994 मध्येच गणिताने दाखवून झालंय. 2005 साली रिमार्क नावाच्या गाइडलाइन आल्या, मार्करचा अभ्यास कसा लिहायचा याच्याच. त्या वाचायला एक दुपार लागते, आणि मी थिसिसवाल्यांना डेटा दाखवण्याआधी त्या वाचून यायला सांगते. कट-ऑफ डेटा बघायच्या आधी ठरवा, कुठल्या तरी आधीच्या कामावरून घ्या, नाहीतर आकडा तुकडे न करता तसाच मॉडेलमध्ये घाला. बासष्ट पेशंटमध्ये वीस जणांचा आजार परत आला असेल तर त्यावर आठ व्हेरिएबलचं मल्टिव्हेरिएट (सगळी एकत्र धरून केलेलं विश्लेषण) करू नका, वीस घटनांवर एवढा भार पेलत नाही. आणि ‘निगेटिव्ह निघालं’ म्हणून रडू नका. त्या मुलीने शेवटी थिसिसमध्ये संबंध सापडला नाही असं स्वच्छ लिहिलं, तीनही कट-ऑफचे आकडे टेबलात दिले, आणि व्हायव्हामध्ये (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नल परीक्षकाने त्याच पानावर अर्धा तास चर्चा केली.

बाकीच्या चुका, पटापट

एमएलएच1 लॉस आहे आणि बी-राफ नॉर्मल आहे म्हणून थेट लिंच सिंड्रोम (एमएमआरचा आनुवंशिक दोष) सांगू नका, मध्ये एमएलएच1 प्रोमोटर मिथायलेशनची टेस्ट असते, जीन आनुवंशिक दोषाशिवाय नुसताच बंद झालाय का ते बघायला. बी-राफ व्ही600ई सापडलं तर लिंच जवळपास नाहीच. एमएसएच2 गेला असेल तर मात्र वेळ न घालवता जेनेटिक काउन्सेलिंगला पाठवा आणि सोबत घरातल्यांची वंशावळ घेऊन जायला सांगा.

रास आणि राफ नॉर्मल असले तरी ट्यूमर उजव्या बाजूचा असेल तर पहिल्या लाइनला (पहिल्या ट्रीटमेंटमध्ये) सेटुक्सिमॅबचा फायदा दिसत नाही. म्हणून फॉर्मवर बाजू लिहा.

रास नॉर्मल असलेल्या मेटास्टॅटिक पेशंटमध्ये हर2 हा मार्कर विसरू नका, थोड्याच लोकांत सापडतो पण सापडला तर औषध आहे.

सीईए हा रक्तातला मार्कर सिगारेट ओढणाऱ्यात आणि लिव्हरच्या आजारात कॅन्सर नसतानाही वाढतो. ऑपरेशनच्या आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लावणं कठीण, त्यामुळे तपासून घ्या, ही टेस्ट स्वस्त आहे. आणि ऑपरेशननंतर आठवड्याभरात करून ‘अजून खाली आला नाही’ म्हणून घाबरवू नका, महिना-दीड महिना जाऊ द्या.

सीटीडीएनएबद्दल थोडं जास्त, कारण आता पेशंट स्वतःच मागायला लागलेत. सीटीडीएनए म्हणजे रक्तात फिरणारा ट्यूमरचा डीएनए, आणि तो अगदी कणभर असतो. ऑपरेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त काढलं तर जखमेतून सुटलेला नॉर्मल डीएनए इतका असतो की तो कण त्यात बुडून जातो. डायनॅमिक ट्रायलमध्ये, जी स्टेज दोनच्या 455 पेशंटवर होती, रक्त चौथ्या आणि सातव्या आठवड्यात घेतलं होतं, आणि त्यावरून ठरवल्यावर केमो 28 ऐवजी 15 टक्के लोकांनाच द्यावी लागली, दोन वर्षांनंतरचा निकालही तेवढाच चांगला. हे आकडे दाखवून घाईने तिसऱ्या दिवशी टेस्ट करणाऱ्यांनी त्यातले आठवडे वाचलेलेच नसतात. साध्या ईडीटीए ट्यूबमध्ये रक्त घेऊन रात्रभर कुरिअरने पाठवू नका, पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांचा डीएनए मिसळतो, एक तर काही तासांत प्लाझ्मा वेगळा करा नाहीतर पेशी टिकवणाऱ्या खास ट्यूब वापरा. आणि यावर अभ्यास करणार असाल तर पेशंटचा कालावधी रक्त काढलेल्या दिवसापासून मोजा. ऑपरेशनपासून मोजलात तर मधल्या आठवड्यांत ज्यांचा आजार परत आला ते तुमच्या यादीत आलेलेच नसतात, आणि मार्कर आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.

आमच्या लॅबच्या फॉर्मवर मी आता हाताने पाच रकाने वाढवलेत: बाजू, स्टेज, आधी केमो किंवा रेडिएशन झालं का, टिश्यू फॉर्मलिनमध्ये कधी पडला आणि बायोप्सीचा ब्लॉक कुठे आहे. रिकामा फॉर्म आला की काका ब्लॉक बाजूच्या ट्रेमध्ये ठेवतात आणि मी फोन करते, उत्तर मिळेपर्यंत करत राहते. गेल्या आठवड्यातल्या त्या ब्लॉकसाठी चार फोन लागले. रेक्टम निघाला, रेडिएशन होऊन गेलेलं, बायोप्सीचा ब्लॉक दुसऱ्याच गावच्या लॅबमध्ये. तो परवा आला, आज त्याची स्लाइड लावलीय.